इंजिनाच्या पुढचा डबा

आमच्या गावातून पहिली आगगाडी सुटायची होती, त्या दिवशीची गंमत सांगतो. जहागीरदार अडूनच बसले. "कोळसेवाला आमच्या पुढं? आमचा डबा इंजिनाच्या पुढं लावा!"

रेल्वेचा गोरा साहेबही समजावून थकला. गाडी खोळंबली आणि हौसाबाई तांबोळणीची विड्याची पानं उन्हानं मलूल व्हायची वेळ आली. आम्ही व्यापारी नुसते हात चोळत उभे. बाई मात्र तडक पुढं झाली.

"सरकार, तुमच्या मिरवणुकीत म्हैस आडवी आली, तर कोण हाकलतं?"

"पुढचे भालदार. आम्ही कशाला हाकलू?"

"मग इंजिनाला भालदार होऊ द्या. न्हाईतर रुळावरची म्हैस सरकारांनाच हाकलावी लागंल!"

जहागीरदार इंजिनामागच्या डब्यात जाऊन बसले. इंजिनाची शिट्टी झाली तेव्हा भालदारानं स्वतःच्या नावाची ललकारी दिल्यागत त्यांनी मिशीला पीळ दिला. बाईची पानं हिरवीगार बाजारात पोचली.