फक्कीची भिंत

“…आणि हे खाली कोणी लिहिलंय?” येसूबाबांनी विचारलं.

“मीच, बाबा.”

“वाच.”

वाचायला लागेल असं मला वाटलंच नव्हतं. मठाच्या नव्या स्वयंपाकघराचा नकाशा मी केला होता. आर्किटेक्चरच्या प्रवेशाची मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला होती. ज्यांची जागा त्यांची, म्हणजे मठ चालवणाऱ्या बाबांची, सही नसेल, तर तिथे हे काम धरणारच नव्हते. आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं.

चारची एसटी होती. मला फक्त सही हवी होती.

“वाच की.”

“‘येथे रोज स्वयंपाक करणाऱ्या श्रीमती गोदावरी यांच्याशी… सविस्तर चर्चा करून…’”

“मोठ्यानं,” बाबा म्हणाले. “श्रीमती तिथंच बसल्यात.”

गोदाक्का ओसरीवर मेथी निवडत होती. तीस वर्षं मठातल्या भाकऱ्या तिच्याच हातच्या. मी तिच्याशी एकदाच बोलले होते. प्यायला पाणी मागितलं होतं.

मी मोठ्यानं वाचलं. शेवटचे दोन शब्द भरभर उरकले.

“झाली का गं चर्चा, गोदे?”

गोदाक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“झाली की,” ती म्हणाली. “लई बोललो आम्ही. गुणाची पोर हाय.”

माझे कान तापले. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

बाबा उठले. संन्यास घेण्याआधी ते गवंडी होते, एवढं मी ऐकून होते. कोपऱ्यातला एक डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. फरशीवर तो वाजला तशी मी दचकले.

आत चुन्याची पांढरी फक्की होती.

“अंगणात आख. सगळं, खऱ्या मापानं.”

पाया खणण्याआधी गवंडी जमिनीवर रेघा ओढतात, तशा मी ओढल्या. सुतळी ताणली, टेप धरली, मुठीतून फक्की सोडली. इथं भिंत. इथं दार. इथं चूल.

चुलीजवळच्या भिंतीपलीकडे कमानींचा व्हरांडा. तो आखताना हात जरा सैल झाला. माझा सगळ्यात आवडता भाग तो. त्याच्यासाठीच तर ही भिंत मी दोन फूट आत घेतली होती. चित्रात फार सुरेख दिसत होत्या त्या कमानी.

“चल गोदे. भाकरी थाप.”

गोदाक्का परात घेऊन आली. आखलेल्या दारातूनच आत शिरली, रेघेवर पाऊल न पडू देता.

“अशीच राहू द्या की, बिनभिंतीची,” ती म्हणाली. “धूर तरी कोंडायचा न्हाई.”

मी हसले. बाबा हसले नाहीत.

ती चुलीच्या खुणेपुढे टेकली. उजवी मांडी घातली. डावा गुडघा तिला धड वाकवता येत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तो पाय तिनं सवयीनं सरळ पसरला…

टाच भिंतीपलीकडे गेली. थेट माझ्या व्हरांड्यात.

तिनंही ते पाहिलं. गडबडून गुडघ्याखाली दोन्ही हात घातले आणि पाय आत ओढून घेतला. ओठ घट्ट मिटले होते.

“ऱ्हाऊ दे गं,” ती मला म्हणाली. “भिंत बरोबर हाय तुझी. माझाच पाय जरा लांब हाय.”

टाचेनं फक्की विसकटली होती. तिनं वाकून ती बोटानं सारखी केली. माझी भिंत तिनंच मला नीट करून दिली.

“बाबा… सही नको.”

“का?”

“मी बोललेच नाही यांच्याशी. कधीच नाही. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या.”

“बरं.”

एवढंच. बरं.

खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी दचकले, पण जागची हलले नाही. गाडी थांबली. परत सुरू झाली. आवाज वळणाआड गेला.

मग मी वाकले आणि ती रेघ तळहातानं पुसून टाकली. डबा उचलला.

“आता कुठं आखू, बाबा?”

गोदाक्का अजून तशीच बसली होती. आखडून, गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरून.

बाबांनी माझ्या हातातला डबा काढून घेतला.

“आधी तिला पाय लांब करू दे.”