रिकामं बाकडं

हवालदार केरबा डोईफोडेचा झोपेत श्वास अडकायचा. इलाज म्हणून तो मास्क लावून, श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्रावर झोपू लागला. नेमक्या त्या इलाजापायीच त्याला लष्कराच्या वैद्यकीय मंडळापुढे उभं राहावं लागलं.

फाईल न उघडताच अध्यक्ष कर्नलसाहेब गुरगुरले, "सीमेवर तुझ्या यंत्राला प्लग कुठून आणू? तुझी वैद्यकीय श्रेणी उतरवतोय. आता नायब सुभेदारीची बढती विसर."

"साहेब, सहा वर्षं मी घाटात ट्रक चालवताना डुलक्या घेतल्या, तेव्हा तुमच्या कागदावर मी धडधाकट होतो. यंत्र लावल्यापासून गाडीवर एकदाही डोळा लागला नाही, तर आजारी ठरलो."

"नियम म्हणजे नियम!"

"मग निकाल दार उघडून मोठ्यानं वाचा, साहेब. बाहेर बाकड्यावर तीन ड्रायव्हर झोपेत श्वास अडकायची हीच तक्रार घेऊन बसलेत. औषधाशिवाय जागच्या जागी बरे होतील."

कर्नल छद्मी हसले. त्यांनी मुद्दाम दार उघडायला लावलं आणि खणखणीत आवाजात निकाल वाचला.

मान वर केली, तर बाकडं रिकामं.

खाली त्यांचीच जीप सुरू झाली होती. तिघांतला एक स्टिअरिंगवर बसून, जांभई दाबत, साहेबांना घाट उतरवून न्यायला त्यांची वाट बघत होता.