आतल्या बाजूचा ठसा

“मग ठसा कधी देताय, उस्ताद?”

रामलिंगानं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा दस्तगीर उस्ताद विळ्याला धार लावत होते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही विळ्यालाच धार लावत होते.

“उस्ताद… मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकतोय की रं, डावऱ्या. कान शाबूत हाईत माझे.”

‘डावऱ्या’ म्हटलेलं रामलिंगाला झोंबलं. झोंबणारच! चाळिशीला आलेला माणूस, डोक्याला जरीचा फेटा, बाहेर चिंचेखाली दरबारचा टांगा उभा. संस्थानच्या शिलेखान्यातला, म्हणजे हत्यारखान्यातला, नावाजलेला कारागीर तो. त्याला डावऱ्या म्हणायची छाती साऱ्या मुलखात एकाच माणसाची, आणि तो माणूस फाटक्या गोणपाटावर बसून कुणाच्या तरी विळ्याला धार लावत होता.

नाव मात्र खोटं नव्हतं. रामलिंग जन्माचा डावखुरा. सोळाव्या वर्षी या भात्याशी आला तो डाव्या हातात कानस धरूनच. उस्तादांनी हात बदलायला लावला नाही. “देवानं दिलेला हात हाय, ऱ्हाऊ दे,” एवढंच म्हणाले होते.

त्या काळी दस्तगीर शिकलगारांची ठासणीची बंदूक म्हणजे काय विचारता! नळीत दारू ठासावी, वर छर्रा घालावा, घोडा चढवावा आणि चाप ओढावा. बार गेला नाही असं कधी व्हायचं नाही. घाटाखालच्या पंचवीस गावांत रानडुकरांपासून पिकं राखली ती याच बंदुकांनी. पण बारा वर्षांमागं उस्तादांनी एकाएकी बंदुका सोडल्या. तेव्हापासून विळे, खुरपी, फार तर बैलगाडीची धाव.

लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा हात गेला.

“आधी माझं काम तर बघा,” रामलिंग म्हणाला आणि त्यानं रेशमी रुमालातून एक बंदुकीची कळ, घोडा-चापाची अख्खी जोडणी, काढून ऐरणीवर ठेवली.

उस्तादांनी विळा खाली ठेवला. हात धोतराला पुसले. कळ उचलून डोळ्यांपुढं नाही, कानापाशी नेली. अंगठ्यानं घोडा मागं ओढला.

टक्… पहिली खाच.

टक्… दुसरी.

कळीच्या आत घोड्याबरोबर फिरणारी एक चकती असते, तिला दोन खाचा असतात. घोडा पहिल्या खाचेवर असला की बंदूक झोपलेली. चाप कितीही ओढा, बार उडायचा नाही. दुसऱ्या खाचेवर गेला की ती जागी. भरलेली बंदूक खांद्यावर टाकून रान तुडवायचं ते या पहिल्या, अर्ध्या खाचेच्या भरवशावर. माणसाचा जीव गव्हाच्या दाण्याएवढ्या त्या खाचेत असतो.

उस्तादांनी घोडा अर्ध्या खाचेवर ठेवला आणि चाप जोर लावून ओढला. मग कळ ऐरणीवर दोनदा आपटली. घोडा जागचा हलला नाही.

“धरते,” उस्ताद म्हणाले. “चांगली हाय.”

सगळ्या आयुष्यात उस्तादांच्या तोंडून ‘चांगली हाय’ त्यानं दोनदाच ऐकलं होतं. रामलिंग फुगला.

“मग काय अडलंय? तुम्हाला लेक न्हाई, पुतण्या न्हाई. ठसा काय भात्याखाली पुरून ठेवणार? दरबार म्हणतोय, दस्तगीरचा ठसा आणशील तर शिलेखान्याचा मुख्य तू. न्हाईतर बाहेरचा माणूस आणतील. माझी चोवीस वर्षांची मेहनत हाय, उस्ताद!”

ठसा म्हणजे बोटभर लांबीचा पोलादी खिळा. त्याच्या टोकाला तांदळाएवढी मासोळी कोरलेली. उस्तादांच्या आज्यानं कोरलेली. ती मासोळी कळीवर उमटली की गिऱ्हाईक डोळे मिटून बंदूक घ्यायचं.

“एक सांग. ठसा मिळाला तर मारशील कुठं?”

“बाहेर! कळीच्या दर्शनी बाजूला,” रामलिंग म्हणाला. “तुम्ही मारत होता आतनं. मी तवाबी म्हणायचो, आतनं मारून काय उपेग? कोण बघतंय?”

“आणि मी काय म्हणायचो?”

“तुम्ही…” रामलिंगानं आठवून पाहिलं. “तुम्ही म्हणायचात, कळ दोघंच उघडत्यात. एक घडवणारा, आणि एक ज्याचं काही बिघडलंय तो. त्या दोघांनी बघितलं म्हंजे झालं.”

“पाठ हाय की!”

उस्ताद हसले. भट्टीतला विस्तव राखेखाली गेला होता. बाहेर टांग्याचं घोडं पाय आपटत होतं.

“डावऱ्या, मी बंदुका का सोडल्या रं?”

रामलिंग चाचरला. “लोक म्हणत्यात… हात कापाय लागला तुमचा.”

“लोक म्हणत्यात?”

“व्हय.”

उस्तादांनी शेजारची पितळी काठोकाठ पाण्यानं भरली. पंजा उलटा करून पुढं धरला, त्यावर ती पितळी ठेवली आणि बसून राहिले. पाणी पितळीत आरशासारखं स्थिर होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक! एक थेंब सांडला नाही.

रामलिंगाची मान खाली गेली. कारण लोक म्हणत होते हे खरं, पण लोकांना सांगत कोण फिरलं होतं? दरबारात त्यानंच सांगितलं होतं, उस्तादांचा हात आता चालत नाही, त्यांच्या हातून एक खाच चुकली, माणूस गेला. हळहळत सांगितलं होतं, पण सांगितलं होतं. त्या दिवसापासूनच त्याला काम मिळायला लागलं.

“मीबी म्हटलं तसं,” तो पुटपुटला. “चुकलं माझं.”

“असू दे.”

उस्ताद उठले. आढ्याशी खोवलेलं एक फडकं काढून आणलं. तेलानं काळं पडलं होतं. त्यातून एक जुनी कळ निघाली, पण गंजाचा ठिपका नाही. बारा वर्षं कुणीतरी दर महिन्याला पुसून तेल लावावं तशी.

“यसबाची,” उस्ताद म्हणाले.

यसबा रामलिंगाला चांगला आठवत होता. ओढ्यापलीकडचा शेतकरी, उंचापुरा, गडगडाटी हसणारा. सुगीत ज्वारी राखायला त्यानं बंदूक करून घेतली होती. ती बंदूक खांद्यावर टाकून बांधावरून चालताना त्याचा पाय घसरला. घोडा अर्ध्या खाचेवर होता. खाचेनं धरायला हवं होतं, धरलं नाही. पुढं त्याचा धाकटा भाऊ चालत होता…

“तिसऱ्या दिवशी यसबा हितं आला,” उस्ताद म्हणाले. “शिवी दिली न्हाई. रडलाबी न्हाई. बंदूक ऐरणीवर ठेवली आणि म्हणाला, उस्ताद, असं कसं झालं?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“आधी तू सांग. तू शिलेखान्याचा माणूस. उघड, आणि काय झालं ते सांग.”

रामलिंगाला आपला प्रांत सापडला. त्यानं झटक्यात दोन मळसूत्रं सोडवली, कमान बाजूला काढली, चकती चिमटीत धरून उजेडात नेली.

“हात्तिच्या! हे बघा. अर्ध्या खाचेचा ओठच उतरवलाय. चाप हलका करायला कुणीतरी आधी पुरी खाच घासली. ती उथळ झाली की खाचेत बसणारी जीभ घोडा पडताना अर्ध्या खाचेला अडकती. ती अडकू नये म्हणून हिचाबी ओठ घासला. चाप लोण्यासारखा झाला असंल, पण मग खाच धरणार कशाला? हे तुमचं काम न्हवं, उस्ताद! हे कुण्या गाढवानं केलंय. बघा की, कानशीचे घाव…”

तो थांबला.

कानशीचे घाव बारीक होते, केसाएवढे. ते सगळे उजवीकडून डावीकडं उतरत होते.

उजव्या हाताच्या माणसाचे घाव तसे पडत नाहीत.

“उस्ताद…”

उस्ताद विस्तवाकडं पाहत होते.

मग रामलिंगाला तो दिवस आठवला. उस्ताद पलीकडच्या गावी उरुसाला गेले होते. यसबा बंदूक न्यायला आला, चाप ओढून बघितला आणि म्हणाला, जरा जड आहे रे. रामलिंग म्हणाला, बस, आत्ता करतो. त्यानं कळ उघडली आणि कानशीचे चार हात मारले. दोन इथं, दोन तिथं. यसबानं पुन्हा चाप ओढला आणि म्हणाला, “वा रे पठ्ठ्या! उस्तादाच्या वर गेलास!”

तो ‘वा’ रामलिंगानं महिनाभर मनात घोळवला होता. त्या ‘वा’च्याच जोरावर तो उस्तादांना सोडून संस्थानात गेला. चार हात मात्र विसरून गेला. चार हात कोण लक्षात ठेवतो?

चकती चिमटीतून सुटून राखेत पडली. उस्तादांनी ती उचलली, फुंकर मारली, पुसली आणि परत फडक्यावर ठेवली.

“यसबाला काय सांगितलंत?”

“माझ्या हातनं चूक झाली म्हटलं.”

“का? का म्हटलंत? घाव तर तुम्हाला त्याच दिशी दिसले असतील!”

“दिसले.”

“मग मला बोलवायचं! माझं नाव सांगायचं! मारायचं मला… मी तिकडं फेटे बांधून मिरवतोय, तुमचीच बदनामी करत फिरतोय, आणि तुम्ही हितं विळ्यांना धार लावताय. बारा वर्षं, उस्ताद!”

उस्तादांनी कळीची पाटी उलटी केली. आतल्या बाजूला, तेलाखाली, तांदळाएवढी मासोळी होती.

“हा ठसा कुणाचा?”

“तुमचा.”

“मग चूकबी माझीच. माझ्या बापाची रीत होती. ठसा मारला तरी गिऱ्हाईक बंदूक नेताना कळ आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा एकदा उघडायची. चाळीस वर्षं मी कधी चुकवली न्हाई ती. त्या दिशी कव्वाली ऐकायची हौस आली मला. म्हटलं, पोरगा हाय की दुकानात.” उस्तादांनी मासोळीवरून अंगठा फिरवला. “कव्वालीबी काही खास न्हवती रं.”

रामलिंगानं फेटा काढून मांडीवर घेतला आणि त्यात तोंड खुपसून तो रडला. उस्तादांनी रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, विळाही उचलला नाही.

रडून झाल्यावर रामलिंगानं विचारलं, “एवढी वर्षं दडवलंत. मग आज कशापायी दाखवलंत?”

“आज तू ठसा मागाय आलास.”

बाहेरून टांगेवाल्यानं हाक दिली, “मालक, निघायचं न्हवं? वाट लांबची हाय.”

रामलिंगानं आपली नवीकोरी कळ ऐरणीवरच राहू दिली. जुनी कळ मात्र एकेक तुकडा नीट बसवून जोडली. दोन्ही मळसूत्रं आवळली. डावा हात थरथरत होता, म्हणून वेळ लागला.

“यसबा कुठं असतो हल्ली?”

“हाय तिथंच. ओढ्यापलीकडं. भावाची बायको आणि तिची दोन पोरं सांभाळतोय. हसणं तेवढं सोडलंय.”

“ही कळ नेऊ?”

“ने.”

“तो काय करील, उस्ताद?”

“मला काय ठावं?”

रामलिंगानं फडकं गुंडाळून काखेत घेतलं. वाकून उस्तादांच्या पायांना हात लावला. फेटा तिथंच गोणपाटावर राहिला, त्याच्या ध्यानातही आलं नाही. टांग्याजवळून तो पुढं गेला, टांगेवाला बघतच राहिला, आणि त्यानं ओढ्याची पायवाट धरली. पाठ अशी वाकली होती की मागून पाहणाऱ्याला दोघांतला म्हातारा कोण ते कळलं नसतं.

चिंच ओलांडून चार पावलं गेला असेल नसेल, तोच मागून हाक आली.

“डावऱ्या!”

तो वळला. उस्ताद दारात उभे होते. हात पुढं केलेला, उघड्या तळव्यावर बोटभर पोलादी खिळा. दुरूनही दिसत होतं, हात जराही कापत नव्हता.

“नको, उस्ताद,” रामलिंग तिथूनच म्हणाला. “आता मला नको तो.”

“अरं, यसबाकडं चाललास न्हवं?” उस्ताद म्हणाले. “मग ठसा घेऊन जा की.”