रिकाम्या परिच्छेदाची साक्ष

एकदा एक शिष्या औषधी वनस्पतींचा जुना कोश नव्या रूपात आणीत होती. कोश संगणकावर होता खरा, पण त्यातल्या खुणा म्हणजे निव्वळ गोंधळ! वनस्पतीचे नाव 'ठळक', विषाची ताकीदही 'ठळक', आणि मधेमधे रिकामे परिच्छेद. शिष्येला स्टाइलशीट लिहायची होती, म्हणजे जुन्या खुणांचे नव्या खुणांत रूपांतर करणारी नियमावली. नाव वेगळे व्हावे, ताकीद वेगळी. सोमवारी कोश डोंगरातल्या आरोग्यसेविकांच्या हाती जायचा होता. एक ताकीद निसटली, तर कुणाच्या तरी पोटात विष जाणार होते.

तिने पहिला नियम लिहिला: रिकामे परिच्छेद पुसा. दुसरा: ठळक ते नाव. लगेच कोशात 'कच्चे खाऊ नये' नावाचे झाड उगवले, शेजारी 'गर्भिणीस वर्ज्य' नावाची वेल!

"कुण्या गाढवाने टंकलंय हे!" ती कडाडली.

तिच्या वृद्ध गुरुबाईंनी पडद्यावर नजर टाकली. चुकलेल्या दुसऱ्या नियमाला त्यांनी हात लावला नाही. बिनचूक दिसणारा पहिला तेवढा खोडला. म्हणाल्या, "चल, त्या गाढवाकडे चहाला जाऊ."

टंकलेखक दत्तोबा ओसरीवर पावटे सोलत होते. "रिकाम्या जागा होय? अहो, हा कोश वैद्यबुवांचा. ते तोंडी सांगायचे, मी टंकायचो. ताकीद आली की ते आधी थांबायचे, घोटभर पाणी प्यायचे. ते थांबले की मी जागा मोकळी सोडायचो. माणसं वाचतील म्हणून केलं, बाई. यंत्र वाचणार हे मला कुणी सांगितलं होतं?"

वाटेत गुरुबाई म्हणाल्या, "अगं, वाकड्या खुणांमागेही माणसाची काही रीत असते. ती विचारायला आपल्याला कमीपणा वाटतो, म्हणून आपण आधी केरसुणी उचलतो. जे कळलं नाही ते पुसण्याचा अधिकार तुला कुणी दिला?"

शिष्येने नियम बदलला: रिकाम्या परिच्छेदानंतरचे ठळक, ती ताकीद. एकेक ताकीद जागेवर आली. फक्त कळलावी या वेलीच्या नोंदीपाशी परिच्छेद रिकामा होता, आणि पुढे काहीच नव्हते. तिचे बोट पुसण्याच्या बटणावर गेले. थांबले. तिने दत्तोबांना फोन लावला.

"कळलावी? त्या दिवशी वैद्यबुवा पाणी प्यायले अन् त्यांना भोवळच आली. पुढचं सांगायचं राहून गेलं बघा."

शिष्येने त्या जागी लाल अक्षरांत लिहिले: 'येथे ताकीद आहे. ती मिळेपर्यंत कळलावी कुणालाही देऊ नये.'

गुरुबाईंनी ते दोनदा वाचले आणि त्यातले एक अक्षरही बदलले नाही.