कॉलरपर्यंतचा ताप

इटली देशात समुद्राला खेटून वसलेलं एक शहर होतं आणि त्या शहरात एक तरुण शिंपी होता. गोष्ट फार जुनी आहे, पण शिंपी तुमच्या-माझ्यासारखाच होता. हात सफाईचा, स्वभाव भिडस्त. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. म्हणून माप घेताना तो तोंडात टाचण्या धरून ठेवायचा. तोंडात टाचण्या असल्या, की माणसाकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही.

दरवर्षी उन्हाळा उतरणीला लागला की त्या शहराचा बाजार आठ दिवस बंद राहायचा. शहरातली बडी मंडळी समोरच्या बेटावर हवा खायला जायची. त्यासाठी लागणारे पांढरेशुभ्र कपडे शिंपीच शिवून द्यायचा. तो स्वतः मात्र डोंगरातल्या एका लहान गावाला जायचा. तिथे त्याची मावशी राहायची. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं आणि सुईत दोरा ओवायलाही तिनेच शिकवलं होतं. तेच दिवस गावात द्राक्षं उतरवायचे असत. यंदाही त्याने खेचरगाडीवाल्याबरोबर निरोप धाडला होता, ‘शनिवारी येतो.’

निरोप जाऊन दोन दिवस झाले असतील. एक अत्तराचा व्यापारी कोटाचं माप द्यायला दुकानात आला. स्टुलावर उभा राहून, दोन्ही हात पसरून तो म्हणाला, “काय शिंपीबुवा, यंदाही शेणामातीतच का?”

बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती गालातल्या गालात हसली. आदल्या वर्षी शिंप्याने ‘गावाला जातो’ म्हणून सांगितलं होतं, तेव्हाही ती अशीच हसली होती.

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. ‘गावाला’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो ओठांपर्यंत आलाही. पण कान तापायला लागले आणि तो भलतंच बोलून गेला.

“नाही. यंदा बेटावर.”

“अरे वा, शिंपीबुवा माणसांत आले म्हणायचे,” व्यापारी म्हणाला. “आम्ही शनिवारच्या होडीनं निघतोय. तिथं गाठ पडेलच.”

आता शिंपी पेचात सापडला. बेटावर न जावं तर व्यापाऱ्यापुढे खोटं पडायचं आणि गावाला न जावं तर मावशीपुढे. व्यापारी वर्षभर दुकानात येणार होता. मावशी तीन डोंगर पलीकडे होती. लांबच्या माणसाला फसवणं सोपं असतं. शिंप्याने सोपं तेच निवडलं.

शुक्रवारी खेचरगाडीवाला कांदे घेऊन शहरात आला आणि दुकानाच्या दारात उभा राहिला.

“काय रे, उद्या निघतोयस ना? मावशीनं तुझी खाट उन्हात टाकलीय. ढेकूण म्हणून औषधाला ठेवला नाही तिनं.”

‘येत नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग ‘का?’ असं विचारलं गेलं असतं आणि त्याला उत्तर नव्हतं. शिंपी म्हणाला, “काका, अंगात ताप आहे.” गाडीवाला इतक्या मायेने बघत होता, की शिंप्याने थोडं थंडीनं कापल्यासारखंही करून दाखवलं. बोललेल्या खोट्यापेक्षा ते कापणंच पुढे त्याला जास्त छळत राहिलं.

गाडीवाल्याने त्याच्या कपाळाला हात लावला. दिवसभर इस्त्रीपाशी उभं राहून कपाळ खरंच तापलं होतं.

“भट्टीच झालीय की,” तो म्हणाला. “तू पड बरं. मावशीला मी सांगतो. ती घाबरणार नाही अशा बेतानं सांगतो.”

दुसऱ्या दिवशी शिंपी बेटावर गेला.

खोटं कशाला सांगू, बेट सुंदर होतं. पाणी इतकं निळं, की त्यात हात घातला तर रंग लागेल असं वाटावं. वाटेच्या दोन्ही बाजूंना लिंबं लगडलेली. पण पहिल्या दिवशी शिंप्याला तिथे कुणी विचारलंही नाही. बाकीची मंडळी कपडे काढून पाण्यात डुंबत होती आणि हा लाजरा गडी गळ्यापर्यंत गुंड्या लावून वाळूत येरझारा घालत होता.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने त्याला लांबूनच हाक मारली. शिंप्याला बरं वाटलं. धावतच तो गेला.

“बरं झालं भेटलास,” व्यापारी म्हणाला. “सुई-दोरा आणलायस ना? हे बटण बघ, लोंबतंय.”

शिंप्याच्या खिशात सुई-दोरा असायचाच. त्याने बटण लावून दिलं. मग व्यापाऱ्याच्या बायकोच्या झग्याची किनार उसवली, मग मेहुणीची बाही फाटली. “हा आमचा शिंपी, अगदी गरीब स्वभावाचा,” अशी व्यापाऱ्याने सगळ्यांशी ओळख करून दिली. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. पण ओळख करून घेतलेला प्रत्येकजण दुसऱ्या दिवशी काहीतरी फाटलेलं घेऊन यायचा. उपड्या घातलेल्या एका होडीवर बसून, भर उन्हात, शिंपी दिवसभर लोकांचे कपडे शिवत राहिला. उन्हाने त्याचं तोंड लालबुंद झालं. मग नाक सोलायला लागलं.

गुरुवारी तो परत आला. शुक्रवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर गाडीवाला उभा होता.

“उठलास का रे?” असं म्हणता म्हणता तो थबकला. “अरे देवा, काय दशा झाली ही तोंडाची. तापानं पार भाजून काढलं की तुला.”

शिंप्याने सोललेलं नाक हाताने झाकलं.

“चल, बस गाडीत. मावशीचा हुकूम आहे. उभा राहत असेल तर बसवून आण म्हणाली, नसेल राहत तर आडवा घालून आण.”

गाडी डोंगर चढू लागली. गाडीवाल्याने शिंप्याच्या पाठीशी उशी लावली, पायांवर घोंगडी घातली आणि गप्पा सुरू केल्या. गावात द्राक्षं तुडवण्याचं काम चाललं होतं. मोठ्या लाकडी हौदात उतरून सगळे पायांनी द्राक्षं तुडवायचे आणि तुडवताना गाणं म्हणायचे. त्या गाण्यासाठीच तर पोरंसोरं वर्षभर वाट बघायची. पण गावचा एक नेम होता. गावातलं कुणी आजारी असेल, तर हौदात गाणं म्हणायचं नाही.

“तू आजारी पडलास आणि गाणं बंद झालं,” गाडीवाला म्हणाला. “आठवडा झाला, नुसता पायांचा आवाज, पचाक पचाक. पोरं कुरकुरली जरा. पण म्हातारबा म्हणाले, आपलं माणूस तापात पडलंय, गाता कसले.”

शिंपी खेचराच्या कानांकडे बघत राहिला. वाटलं, उडी टाकावी आणि उतारावरून पळत सुटावं. पण गाडीवाला पुन्हा मागे वळून उशी सारखी करत होता. असल्या माणसाच्या गाडीतून पळून कसं जायचं?

गावात पोचताच सगळे गोळा झाले. एकीने लसणाचं गरम सूप आणलं. एकाने शेळीचं दूध आणलं. एक म्हातारी त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, “कातडंसुद्धा सोललं गं बाई. वाचलास रे, नशीब तुझं.” प्रत्येकजण ‘बरं आहे का?’ विचारायचा आणि शिंपी ‘बरं आहे’ म्हणायचा. जितक्यांदा म्हणायचा तितक्यांदा खोटं बोलायचा. सूप चांगलं होतं, पण त्याने वाडगा अर्ध्यावरच ठेवला.

मावशी त्याला घरात घेऊन गेली. तिने त्याला खाटेवर बसवलं, थंड ताकात फडकं बुडवलं आणि तोंडाला लावू लागली. मग मान पुसायची म्हणून तिने कॉलरच्या गुंड्या काढल्या. तिचा हात थांबला.

कॉलरच्या वर कातडी तांब्यासारखी लाल होती. कॉलरच्या खाली नव्या कापडासारखी पांढरी. मध्ये सरळ रेघ, खडूने आखावी तशी. बाह्यांच्या टोकाशीही तशीच रेघ. मावशीचा जन्म द्राक्षांच्या मळ्यात गेला होता. ताप कोणता आणि ऊन कोणतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

“ताप कॉलरपर्यंतच आला होता वाटतं,” ती म्हणाली.

शिंप्याला मान वर करवेना. ती ओरडेल म्हणून तो वाट बघत होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. मावशीने फडकं पिळलं आणि त्याच्या कॉलरच्या गुंड्या पुन्हा लावल्या. अगदी वरची गुंडीसुद्धा लावली, कुणाला दिसू नये म्हणून.

संध्याकाळी अंगणात सगळं गाव जेवायला बसलं. गावातले म्हातारबा उठून उभे राहिले.

“पोरगा बरा झाला,” ते म्हणाले. “उद्यापासून गाणं सुरू. पहिली ओळ त्यानंच म्हणायची.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. सूप आणलेल्या बाईने मावशीकडे वळून विचारलं, “केवढा घोर लागला असेल नाही हो तुम्हाला?”

मावशी पाव कापत होती. मान वर न करता ती म्हणाली, “हो ना, लागला होता.”

मावशीला घोर लागला होता हे खरंच होतं. पण आता ती सगळ्या गावासमोर त्याचं खोटं सांभाळत होती. आयुष्यात कधी कुणाला न फसवलेली बाई, त्याच्यापायी. आता गप्प बसलं तर हे कुणालाच कधी कळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. फक्त मावशीला ते जन्मभर झाकत बसावं लागेल.

तो उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते, पण सोललेल्या तोंडावर ते कुणाला कळलं नसेल.

“मला ताप नव्हता,” तो म्हणाला.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. त्याला ते परत म्हणावं लागलं.

“मला ताप आला नव्हता. मी बेटावर गेलो होतो. शहरात, दुकानात, गावाला जातो म्हणून सांगायची लाज वाटली. तुमची लाज वाटली मला.”

पानांवरचे हात थांबले. एक लहान मुलगी म्हणाली, “मग नाक कशानं सोललं?”

“उन्हानं,” शिंपी म्हणाला.

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. गाडीवाला आपल्या ताटाकडे बघत होता. “आणि मी उशी लावत होतो,” एवढंच तो म्हणाला. दुसरं कुणी काही बोललं नसतं तरी शिंप्याला तेवढं पुरलं असतं.

म्हातारबा हळूच खाली बसले. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी उठून जा म्हटलं नाही. जेवण झालं आणि एकेकजण उठून गेला. सूपवाल्या बाईने आपला वाडगा उचलला. तो अजून अर्धा भरलेला होता. घरी नेताना ती तो सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून चालली होती.

अंगणात मावशी आणि शिंपी दोघंच उरली.

“मावशी, चुकलं माझं.”

“बेटावर जायचं होतं तर खुशाल जायचं होतंस,” मावशी म्हणाली. “बेटं काय, बघायलाच असतात. ‘येत नाही’ एवढं कळवायचं होतंस. ते ऐकण्याइतके माझे कान अजून धड आहेत. मी आजारी पोराची काळजी केली रे आठवडाभर. ती कुणाची केली, तेच आता मला कळेना झालंय.”

शिंप्याने अंगणातली ताटं गोळा केली.

“नीज आता,” ती उठत म्हणाली. “उद्या खालच्या उतारावरच्या वेलांच्या ओळी उतरवायच्यात. माणसं कमी आहेत.”

सकाळी शिंपी सगळ्यांच्या आधी मळ्यात जाऊन उभा राहिला. म्हातारबांनी बोटाने त्याला वेलांची एक ओळ दाखवली. गाडीवाल्याने जाता जाता एक रिकामी टोपली त्याच्या पायाशी ठेवली आणि पुढे गेला. थोड्या वेळाने हौदाकडून गाणं ऐकू आलं. पहिली ओळ गाडीवाल्याने म्हटली होती. शिंप्याला कुणी बोलावलं नाही आणि तोही गेला नाही. त्या डोंगरातले द्राक्षांचे वेल ठेंगणे असतात, घड जमिनीलगत लोंबतात. ते उतरवायचे तर दिवसभर मान खाली घालूनच काम करावं लागतं. त्या दिवशी शिंप्याला तेच बरं वाटलं.

तात्पर्य: परक्यांपुढे जो आपल्या माणसांची लाज बाळगतो, त्याला एक दिवस आपल्याच माणसांपुढे मान वर करायची लाज वाटते.