बाजारात पोचलेली बोट

धर्मीबाय नाखवीण म्हणजे बोटीची मालकीण. तिच्या नव्या जीपीएसच्या पडद्यावर बोट भर समुद्रात असतानाही गावच्या मासळीबाजारात दिसायची. अशा यंत्राच्या भरवशावर धुक्यात खडकांमधून जायचं, तर खलाशांच्या जिवाशीच खेळ.

कंपनीचे दिघेसाहेब तपासणीला बोटीवर आले. किनारा दिसेनासा झाला, तरी पडदा बाजारच दाखवत होता.

"आमचं यंत्र चुकत नाही," साहेब म्हणाले. "बदलून मिळणार नाही."

मीही बोटीवर होते; परदेशात हेच जीपीएसचं तंत्र शिकून गावासाठी परतले होते. तळमळीने उपग्रह, अँटेना, नकाशातला फरक, सगळं समजावलं. साहेबांनी जांभई दिली.

धर्मीबायने इंजिन बंद करायला सांगितलं आणि बांगडा माशांची टोपली उचलून साहेबांच्या हातात दिली.

"हे काय?"

"बाजार आला ना, सायेब. आमच्यात पहिली टोपली पाव्हण्याच्या हातानं उतरते. उतरा."

साहेबांनी खाली पाहिलं. काळंभोर पाणी बोटीच्या कडेवर आपटत होतं. खलाशांनी त्यांना उतरायला अदबीने वाट करून दिली.

"उद्याच बदलून देतो," साहेब पुटपुटले.

बोट वळली. मी धर्मीबायकडे थक्क होऊन पाहतच राहिले.