व्याह्यांवर पाळत

एकदा एक गुळाचा व्यापारी पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर खाटेवर पडून जळत होता. अंगात ताप नव्हता. पलीकडच्या गल्लीतले व्याही हिंडू-फिरू लागले होते, एवढेच कारण.

व्यापाऱ्याचे नाव तवनाप्पा शेट, व्याह्यांचे बाबगोंडा पाटील. दोघांनी सत्तरी ओलांडलेली, दोघांच्या मणक्याला एकाच डॉक्टरांचा हात लागलेला. डॉक्टरांनी दोघांनाही बजावले होते, "पट्टा बांधा, काठी घ्या आणि रोज थोडं थोडं चाला. पडून राहाल तर पाय कायमचे रुसतील." पाटलांनी ऐकले. शेट मात्र भ्याले. पाऊल टाकले की मणक्यातला स्क्रू निसटणार, असे त्यांच्या मनाने घेतले. पण भ्यालो असे कोण कबूल करतो? ते म्हणत, "आमचं ऑपरेशन मोठं होतं. त्यांचं काय, टाचणी टोचल्यासारखं!"

त्यात घरातली सून पाटलांचीच लेक. चहा देता देता म्हणायची, "मामंजी, आमचे अण्णा आज वेशीपर्यंत जाऊन आले."

"मग हत्तीवरून मिरवणूक काढूया का तुझ्या अण्णांची?"

एके दिवशी गावातले वृद्ध गुरुजी शिष्याला घेऊन समाचाराला आले. शेटनी पाठीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "गुरुजी, तो पाटील लबाड आहे. कोपऱ्यावरून रिक्षात बसतो, वेशीत उतरतो आणि वर फुशारक्या मारतो. माझी खात्री आहे."

शिष्य मोठा सात्त्विक. मत्सर हा षड्रिपूंपैकी कितवा, हे सांगण्यासाठी त्याने तोंड उघडले, तोच गुरुजींनी त्याला कोपर मारले आणि शेटच्या कानाशी वाकून म्हणाले, "संशय मलाही आहे. पण पुरावा पाहिजे. नोकराला पाठवाल तर तो पाटलांकडे चहा पिऊन फितूर होईल. तुम्ही स्वतः पाळत ठेवा. पट्टा तेवढा बांधा. आणि डॉक्टर सांगतील त्याच्या पुढे एक पाऊलही नको. पाळत ही हळूहळूच ठेवायची असते."

शिष्य हादरला. आपले गुरू, आणि चहाडीला चिथावणी!

दुसऱ्या सकाळी शेट भिंत धरून उठले आणि काठी टेकत कोपऱ्यावर जाऊन डोकावले. रिक्षा दिसली नाही. "उद्या असेल," असे म्हणून परतले. उद्याही नव्हती. पाटील पुढे जात, म्हणून शेटना आणखी पुढे जाऊन पाहावे लागे. होता होता ते वेशीपर्यंत पोचले. एकदा तर नातू झाल्याचे पेढे वाटावेत अशा चेहऱ्याने गुरुजींकडे आले. "वेशीतल्या पिंपळाखाली बसला! धापा टाकत होता!"

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "पिंपळाच्या पुढे काय करतो, तेही कळायला हवं."

वेशीपलीकडे कालव्याचा पूल आहे, त्याला थोडा चढ आहे. एका सकाळी त्या चढावर पाटील थांबले. कठडा घट्ट धरलेला, पाऊल पुढे पडेना. आसपास कोणी नाही. मागे शेट उभे. आता नुसते माघारी जाऊन चावडीवर सांगायचे, की पाटलांचा तोरा उतरलाच. शेटनी तो आनंद क्षणभर जिभेवर घोळवलाही. तेवढ्यात पाटलांच्या हातातली काठी गळून घरंगळत गेली, आणि शेट पुढे झाले. वाकायची मनाई होती. त्यांनी आपलीच काठी पाटलांच्या हातात दिली आणि खांदा पुढे केला.

"आलात?" पाटील म्हणाले. "किती दिवस मागे मागे होता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, तुमची काठी अख्ख्या गल्लीला ऐकू येते! मी खरं तर रोज वेशीतूनच परतायचो. पण व्याही बघतायत म्हटल्यावर माघारी वळणार कसा? तुमच्यापायी इथवर आलो. मेलो की हो!"

"हसवू नका. पाठीत कळ येते."

तेवढ्यात एक रिक्षा आली. रिक्षावाल्याने पाटलांची काठी उचलून दिली, आणि परतताना दोघे रिक्षातूनच आले.

संध्याकाळी ही हकीकत ऐकून शिष्य म्हणाला, "गुरुजी, म्हणजे मत्सर चांगलाच म्हणायचा?"

"कसला चांगला!" गुरुजी म्हणाले. "शेटना भीतीनं खाटेला जखडलं होतं, आणि त्या भीतीला ढकलून देईल एवढं जोरकस त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. तुझं प्रवचन ऐकून त्यांनी मान डोलावली असती आणि कूस बदलली असती. मत्सरानं त्यांना पुलापर्यंत नेलं खरं. पण तिथे तो म्हणत होता, मागे फिर आणि गावभर सांग. तिथे शेटनी त्याचं ऐकलं नाही. तेवढंच चालणं त्यांचं स्वतःचं."

दुसऱ्या दिवशी पाटील पाय दुखतो म्हणून अंथरुणातच राहिले. शिष्य त्यांच्या दारावरून चालला होता, तर ओट्याखाली शेट उभे.

"उठा हो पाटील! आज मी पुढे चालतो, तुम्ही मागून या. बघू, किती पोटात दुखतं ते!"

आतून कूस बदलल्याचा आवाज आला. शिष्य ओट्यावर चढला. मग खिडकीशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "पाटील, शेट आज कालच्यापेक्षा भरभर चालतायत हो."

आत पट्टा आवळल्याचा चर्र आवाज झाला.